पाठ्यपुस्तकातले ‘आपण’

दिवाळीतल्या किल्ल्यांचे परीक्षण हे चित्रकलेच्या मास्तराच्या कपाळी लिहिलेलेच असते. शाळेला सुटी लागली की गावातले एखादे तरुण मंडळ दारात येते, “सर, दोन तास काढा” म्हणते, आणि मग मी व आणखी एकदोघे परीक्षक अंगणे हिंडू लागतो. दगडविटांचा डोंगर, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट, गोणपाटावर उगवलेले हळीव आणि मोहरी, माथ्यावर सिंहासनात महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे. वरचा मजला असा इतिहासाचा असतो. खाली पायथ्याशी मात्र पोरांचे स्वतःचे राज्य. तिथे विहीर असते, विहिरीवर विजेचा पंप असतो, एस.टी. असते, मावळ्याच्या दुप्पट उंचीचा वाघ असतो आणि फुटक्या आरशाचे तळे असते. काळवेळेचा हा गोंधळ पाहून पूर्वी मी हसत असे.

तीन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. चौथीतल्या एका मुलाच्या किल्ल्यात आरशाचे तळे नव्हते. जमिनीत पुरलेल्या घमेल्यात खरे पाणी होते आणि त्या पाण्यात मातीचे देऊळ बुडवून ठेवलेले होते. शिखराचे टोक तेवढे वर.

“अरे, देऊळ पाण्यात कसे?”

“आमचं गाव हाय ते, सर.”

“आणि किल्ला कोणता हा?”

त्याला किल्ल्याचे नाव सांगता येईना. मंडळाने छापून दिलेल्या गुणपत्रिकेत ‘ऐतिहासिक अचूकता’ असा दहा गुणांचा एक रकाना होता. त्यात मी दोन गुण दिले आणि पुढच्या अंगणाकडे वळलो. पहिला नंबर एका सिमेंटच्या प्रतापगडाला गेला. तो गवंड्याने बांधला होता हे सगळ्या आळीला ठाऊक होते. पण अचूक होता खरा.

आमची शाळा उजनीच्या फुगवट्याच्या काठी, इंदापूरच्या बाजूला आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले; जलाशयाला यशवंतसागर असे नाव मिळाले. नदीकाठची गावे उठली आणि वर माळावर येऊन बसली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले; उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे झळकतात. त्या मुलाचे गाव पळसदेव नव्हे. त्याच्या गावच्या लहानशा देवळाचे छायाचित्र घ्यायला कोणी येत नाही. म्हणजे त्या मुलाने घमेल्यात जे मांडले होते, ते इतिहास म्हणून तंतोतंत अचूक होते. हे मला सुचले ते घरी, रात्री हात धुऊन पाटावर बसल्यावर. घास काही गोड लागला नाही.

मी मॅट्रिक आहे, हल्लीच्या भाषेत दहावी. त्यावर चित्रकलेच्या मास्तराची पदविका आणि पदरी तीन कादंबऱ्या, एवढीच माझी विद्या. इतिहासाचा मी अधिकारी नव्हे. परंतु शाळेत कोणी रजेवर गेले की रिकामा तास चित्रकलेच्या मास्तरावर पडतो. त्यामुळे गेली पंधरा वर्षे परिसर अभ्यासाची पुस्तके माझ्या हातांतून वरचेवर गेली आहेत. त्या रात्रीनंतर मी ती नव्याने वाचली. जशी एखाद्या लेखकाची पुस्तके वाचावीत तशी, पहिल्या पानापासून. आणि वाटले, की तीनशे प्रतींच्या कवितासंग्रहावर आपल्याकडे चार परीक्षणे येतात. ज्या पुस्तकाच्या लाखो प्रती निघतात, जे घरोघर मोठ्याने वाचले जाते, ज्याला कित्येक घरांत पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात, त्याच्या गद्याविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

आमच्या लहानपणी इतिहास वेगळा, भूगोल वेगळा, विज्ञान वेगळे. तीन पुस्तकांची तीन तोंडे तीन दिशांना. लहान मुलाला जग असे फाळण्या करून दिसत नाही. त्याला एकच अंगण दिसते, हा विचार देशपातळीवरच्या १९७५ च्या अभ्यासक्रमात आला, २००५ च्या आराखड्यात तो अधिक पक्का झाला, आणि महाराष्ट्रात २०१४ च्या सुमारास तिसरी ते पाचवीची जी नवी पुस्तके आली, त्यांत इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, विज्ञान हे सारे ‘परिसर अभ्यास’ या एका छपराखाली राहू लागले. बालभारतीने, म्हणजे १९६७ साली पुण्यात निघालेल्या आपल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, तिसरीचे पुस्तक तर जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे काढले. कल्पना उत्तम, तिची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. एवढेच म्हणेन, की जिल्हा हीसुद्धा लहान मुलाच्या मानाने फार मोठी वस्तू आहे. एकाच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या इंदापूरला पाचशेच्या आसपास. ‘आपल्या जिल्ह्यात’ पाऊस किती पडतो, या प्रश्नावर आमची मुले खिडकीबाहेर पाहतात आणि मग पुस्तकात पाहतात.

याच पुस्तकांत चौथीचा दुसरा भाग म्हणजे ‘शिवछत्रपती’. १९७० पासून चौथीच्या मुलांना शिवचरित्र आहे. कादंबरीकार म्हणून मी त्या पुस्तकापुढे हात जोडतो. लहान वाक्ये, डोळ्यांपुढे घडणारे प्रसंग, पाठ जिथे थांबायला हवा तिथे थांबणारा. माझ्या पिढीतल्या कित्येकांची पहिली कादंबरी ती. तिथे मुले पुस्तक ऐकत नाहीत, पुस्तकात शिरतात. “आम्ही खिंड अडवली, सर!” असे सांगताना एकेकाचा आवाज चढतो. गंमत अशी, की खिंडीत सगळे मावळे असतात. रयत व्हायला वर्गात कोणी तयार होत नाही.

पण पहिला भाग उघडला की आवाज बदलतो. तिथे पानापानावर एक शब्द भेटतो: आपण. आपण अन्न खातो, आपण घरे बांधतो, आपण पाणी साठवतो, आपण परिसर स्वच्छ ठेवला पाहिजे, अशा घाटाची ती वाक्ये. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निराळे शब्द आहेत, हे मराठीचे भाग्य. इंग्रजाला दोहोंसाठी एकच शब्द आहे. हिंदीवाल्यालाही ‘हम’वरच भागवावे लागते. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटले तर पाहुण्याने ओट्यावर बसून राहावे, आणि ‘आपण जेवायला चाललो’ म्हटले तर त्याने हात धुवायला उठावे. पाठ्यपुस्तकाला ओट्यावर कोणी बसलेले चालत नाही. ते सगळ्यांना पंक्तीत घेते. ही त्याची माया आहे, आणि माझी तक्रारही नेमकी याच ठिकाणी आहे.

‘आपण धरणे बांधतो’ असे वाक्य आमच्या वर्गात वाचले जाते तेव्हा पहिल्या बाकावर उसाच्या बागायतदाराचा मुलगा असतो आणि तिसऱ्या बाकावर तो घमेल्यातल्या देवळाचा मुलगा. त्याचा बाप हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला पाहुण्यांना नावेतून रोहित पक्षी दाखवतो आणि एरवी जाळे टाकून चिलापी धरतो. दोघांनाही मास्तर सांगतात, ‘आपण’ धरण बांधले, ‘आपल्याला’ पाणी मिळाले. व्याकरण शुद्ध आहे. पण दोघांपैकी एकाच्या घरात पाणी शेतात आले आणि दुसऱ्याच्या घरात ते घरातच आले. चौथीच्या पहिल्या भागात एका पाठाचे नावच, आपण परिसर धोक्यात आणत आहोत का, अशा प्रश्नाचे आहे. प्रश्न धीट आहे. विचारणाऱ्याला मी मानतो. पण पुणे-पिंपरीकडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून उतरत आमच्या फुगवट्यात येते, उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, जाळे ओढले की हाताला खाज सुटते. तेव्हा तो नाववाला या ‘आपण’मध्ये कोणत्या बाजूने बसायचा? मुलाने स्वाध्यायात ‘होय, आपण परिसर धोक्यात आणतो’ असे लिहिले. मास्तरांनी बरोबरची खूण केली.

मी त्याची ती वही मागून घेऊन पाहिली. पाठाखाली चौकटीत कृती असतात: थोरांना विचारा, गावात हिंडा, नोंद करा. पुस्तकातला हा सर्वांत जिवंत भाग. पण तास संपत आला की मास्तर पहिल्यांदा चौकट गाळतात. (मीही गाळली आहे.) मग बाजारातली मार्गदर्शिका मदतीला येते. ‘माझे गाव’ या विषयावर वर्गातल्या चाळीस वह्यांत एकच मजकूर होता: माझे गाव सुंदर आहे, ते नदीकाठी वसले आहे, गावात जुने देऊळ आहे. त्या मुलानेही तेच लिहिले होते. नदी नाही, काठ नाही, देऊळ पाण्याखाली. आणि वहीत लाल शाईने ‘छान’. खरे त्याने घमेल्यात लिहिले होते. तिथे मी त्याला दहापैकी दोन दिले.

मग मी रिकाम्या तासांना पुस्तक मिटून ठेवू लागलो. एकदा मुलांना एका पत्राची गोष्ट सांगितली. मे १६७३ मधले शिवाजी महाराजांचे पत्र, चिपळूणच्या बाजूला पडलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेले. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज बजावतात, की दाणावैरण आताच उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेकडे हात पसराल, कोणी भाजी उचलील, कोणी गवत, आणि लोकांना वाटेल यांच्यापेक्षा शत्रू बरा. पुढे तर घरातल्या कर्त्या बाईने सांगावे तसे सांगतात: रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, पागा जळेल. भाजीच्या देठाची गोष्ट मुलांना ठाऊक होती. उंदीर नवा होता. वर्गात एकदम गलका झाला. एकीच्या घरी उंदराने देवापुढची तुपाची वात खरोखरच नेली होती. एकाच्या चुलत्याची कडब्याची गंज पेटली होती. तेवढ्यात मागून कोणी विचारले, “सर, त्या घोड्यांचं गवत कापलं कुणी?” बघा, चौथीत पहिल्यांदाच कोणाला तरी रयत सापडली. त्या एका पत्रात राजा आहे, सैन्य आहे, शेतकरी आहे, पाऊस आहे, गवत आहे आणि उंदीरही आहे. परिसर अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? (आंबाफणसाची झाडे मालकाच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, हे वचनही महाराजांच्या नावावर नेहमी सांगतात. ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले. शाळेच्या भिंतीवर मीच ते महाराजांच्या नावाने रंगवले होते. नंतर शिडी लावून दुरुस्त केले.)

दुसऱ्या एका तासाला इनामगाव घेतले. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात हे ठिकाण. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे तिथे खणून तीन हजार वर्षांपूर्वीचा गाव बाहेर काढला. तिथल्या लोकांनी पुराचे पाणी अडवायला बांध घातला होता, पाट काढला होता. आधीच्या काळातली घरे लांबरुंद, चौकोनी; पुढे दिवस कोरडे आले तशा लहान गोल झोपड्या. मी फळ्यावर दोन्ही घरे काढली, मुलांनी वहीत उतरवली. गोल घरे काढून झाल्यावर गाव ओस पडल्याचे सांगितले, तेव्हा तिसऱ्या बाकावरून प्रश्न आला:

“त्यांचं गाव बी उठलं का, सर?”

उठलं, म्हणालो. तो पुन्हा वहीत वाकला. त्याने त्या गोल घरांच्या कडेने एक वाट काढली आणि वाटेवर बैलगाडी.

२००५ च्या आराखड्यानंतर देशपातळीवर निघालेल्या पाचवीच्या पुस्तकात एक पाठ होता: ‘जाएँ तो जाएँ कहाँ’. धरणामुळे गाव बुडालेल्या जात्र्याभाईची गोष्ट; खेड्यातून दुसऱ्या वस्तीत, तिथून मुंबईत. इतक्या लहान मुलांच्या पुस्तकात धरणाची दुसरी बाजू छापणे याला छाती लागते, आणि गोष्टही साधी, अश्रू न ढाळणारी. तरी माझ्या मते तिच्यात एक उणीव आहे. जात्र्याभाई ‘तो’ आहे. वाचणारा त्याच्याकडे लांबून पाहतो, हळहळतो. आमच्या बाकावरच्या मुलाला हळहळ नको होती. त्याला ‘आम्ही’ म्हणायला जागा हवी होती.

शिक्षक-खोलीत हे बोललो तेव्हा चौथीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सर, तुम्ही तासापुरते येता आणि गोष्टी सांगून जाता. मला परीक्षा घ्यायची असते. आणि लाखांनी छापायच्या पुस्तकात गावोगावचे ‘आम्ही’ घालायचे कुठे? उद्या वर्गात पाच ‘आम्ही’ झाले, तर निस्तरायचे कोणी?” बाईंचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेत ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ पूर्वी होतेच. बसायची जागा वेगळी, पाणी वरून ओतायचे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून निवेदन दिले. त्यात त्यांनी मोडी-बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञानही मागितले. म्हणजे परिसर अभ्यासच मागितला. पण आधी सर्वांना वर्गात घ्या, ही मागणी होती. पाठ्यपुस्तकातले ‘आपण’ त्या एवढ्या लांबच्या वाटेने आले आहे. त्याला खोडरबर लावायला माझाही हात धजत नाही.

तरीसुद्धा ‘आपण’ पाठाच्या पहिल्या ओळीत येते, ते मला घाईचे वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे तिचे नाव. तिथे आधी मुलाचे कुरण, मग अक्षर. पुस्तकानेही आधी विचारावे, तुमच्याकडे काय घडले. दोघांची उत्तरे एकमेकांसमोर ठेवावीत. त्या दोघांना एका पंक्तीत कसे बसवायचे हे वर्गाने बोलून ठरवावे. आता २०२० च्या धोरणाप्रमाणे पुस्तके पुन्हा बदलू लागली आहेत, चित्रे रंगीत होतील, कागद गुळगुळीत होईल. मी मात्र पुस्तक हाती आले की आधी सर्वनामे पाहणार आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात मी त्या मुलाच्या आजीला वर्गात बोलावले. ती सून होऊन आली तेव्हा गाव नदीकाठी होते. चारपाच वर्षांत उठले. बाई खुर्चीवर बसायला तयार होईनात. मी फळ्यावर निळ्या खडूने नदी काढली आणि म्हणालो, “आजी, तुम्ही सांगा, मी काढतो.”

“हितं घाट, गुरुजी. घाटाच्या वर देऊळ. देवळाच्या म्होरं पार. पाराला लागून पाटलाचा वाडा, मग आमची आळी.” घरामागून घर येत गेले. कोणाच्या दारात कडुनिंब, कोणाच्या परड्यात आड. नातू मान ताठ करून बसला होता. वर्गात एवढी शांतता मी कधी पाहिली नाही. फळा भरत आला तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आजोबाही त्याच गावचे.

“आजी, आमचं घर कुठं?”

आजीने तिला घराण्याचे नाव विचारले. मुलीने सांगितले. आजी जरा थांबली. पदर सारखा केला.

“तुमची घरं वेशीच्या भाईर, बाळा. त्या अंगाला, उतारावर.”

तिने बोट दाखवले त्या बाजूला फळा संपला होता. मुले माझ्याकडे पाहू लागली. मी डस्टर घेतले, निळी नदी पुसली, घाट, देऊळ, पार आणि वाडाही पुसला, आणि सगळे गाव चार बोटे लहान करून पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतले. आता ती मुलगीही फळ्याजवळ येऊन उभी राहिली. आजोबांकडून ऐकलेले ती सांगत होती आणि आजी ते पुरे करीत होती: इथे विहीर, ती वेगळी, इथे चिंच, ती मात्र सगळ्यांची.

घंटा झाली तेव्हा उतारावरची सात घरे काढून झाली होती. पुढचा तास गणिताचा. बाई दारात आल्या, फळा पाहिला, आणि मुलांना म्हणाल्या, “वह्या मिटा. आज पाढे तोंडी.”